अण्णांची हजेरी वही आणि आयकराचं रिटर्न: बांधकामाच्या ठेकेदाराने खर्च कसा धरायचा

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, प्लास्टर आणि वीटकामाचा लेबर ठेका घेतात. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला जी नवी बांधकामं उभी राहतायत, तिथे त्यांची सहा-सात माणसांची टोळी असते. माल बिल्डरचा, मजुरी आमची. अण्णा स्वतः अजून थापी हातात धरतात. मी बी.कॉम. झालेय, दिवसा एका हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगला बसते, आणि गेली तीन वर्षं अण्णांचं रिटर्न मीच भरते.

त्याआधी दोन वर्षं एकजण पाचशे रुपयांत भरून द्यायचा. तो वही बघायचा नाही, काही विचारायचा नाही. वर्षाची जमा विचारायची, तिचे सहा टक्के काढायचे, तेवढं उत्पन्न दाखवायचं, झालं. आम्हालाही बरंच वाटायचं. मग घरावर एक खोली चढवायची म्हणून अण्णा बँकेत कर्जाला गेले. बँकेने रिटर्न मागितली. त्यात वर्षाचं उत्पन्न एक लाख पाच हजार. साहेबांनी कागद परत दिले, म्हणाले, या उत्पन्नावर हप्ता कसा भरणार? अण्णा घरी आले, काही बोलले नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहिले. ज्या माणसाने वर्षभर सहा घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्याची कमाई कागदावर महिन्याला नऊ हजारही नव्हती. त्या रात्री मी अण्णांच्या सगळ्या हजेरी वह्या फडताळातून खाली काढल्या.

म्हणून हे लिहितेय. प्लास्टर, टाइल्स, सेंटरिंग, प्लंबिंग, रंगकाम, कुठलाही लहान ठेका असो, खर्च नीट धरला तरच खरी कमाई कळते, कर बरोबर बसतो आणि कापलेला टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापून घेतलेला कर, परत मिळतो. आकडे आमच्या 2024-25 च्या हिशेबातले आहेत आणि कलमं 1961 च्या कायद्यातली. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, पण हजेरी लिहायची रीत तीच राहते.

आधी जमा बाजू

खर्चाच्या आधी जमा नीट पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाकडं जातं. बिल्डर बिलातून 1 टक्का टीडीएस कापतो. एका बिलाची रक्कम 30,000 च्या वर गेली किंवा वर्षभरात एकाच बिल्डरकडून एकूण 1 लाखाच्या वर काम झालं की कापायलाच लागतो, कलम 194सी. पॅन दिलेला नसेल तर 1 नाही, 20 टक्के कापला जातो. म्हणून काम सुरू करतानाच पॅनची झेरॉक्स त्यांच्या ऑफिसात देऊन ठेवा.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. एक लाखाच्या बिलाचे खात्यात 99,000 आले, की वहीत 99,000 जमा लिहितात. जमा एक लाखच आहे. तो एक हजार म्हणजे तुमच्या नावाने सरकारकडे भरलेला आगाऊ कर. तो खर्चात धरायचा नाही आणि जमेतून वजाही करायचा नाही. रिटर्नमध्ये त्याची वेगळी जागा आहे, तिथूनच तो परत मिळतो.

आयकराच्या पोर्टलवर फॉर्म 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा) आणि एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी) दिसतात. जून निम्मा झाल्यावर बघा, कारण जानेवारी ते मार्चचा टीडीएस दाखवायला बिल्डरला 31 मेपर्यंत मुदत असते. 2023-24 ला आमच्या एका बिल्डरच्या ऑफिसात अण्णांच्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं. पैसे कापले गेले होते, पण आमच्या नावावर दिसत नव्हते. मी तीन चकरा मारल्या तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली. रिटर्न भरायच्या आदल्या रात्री हे कळलं असतं तर हातात काही राहिलं नसतं.

2024-25 ला आमची जमा अशी होती. एका बिल्डरकडून 9,40,000, दुसऱ्याकडून 5,60,000, आणि बंगल्यांची खासगी कामं 3,10,000. एकूण 18,10,000. खासगी कामातले 1,20,000 रोख आले, बाकी सगळं बँकेतून. टीडीएस कापला गेला 15,000. घरमालक स्वतःच्या घरासाठी एवढ्याशा कामावर टीडीएस कापत नाही, पण म्हणून ते पैसे जमेत लिहायचे नाहीत असं नाही. यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया खात्यात दिसतो. धंद्यासाठी एक खातं वेगळं ठेवा. साधं बचत खातं चालेल, पण त्यात भावाचे उसने आणि आत्याने पाठवलेले पैसे नकोत. मार्चमध्ये त्यांची ओळख पटवता पटवता डोळे दुखतात.

आणखी एक. वर्षाची जमा 20 लाखांच्या वर जाणार असेल तर सेवेवरच्या जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. तो वेगळा विषय आहे, पण आकडा डोक्यात ठेवा.

मजुरी: सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात कच्चा कागद

लेबर ठेक्यात शंभरातले साठ-पासष्ट रुपये मजुरीत जातात. दुकानाचं पक्कं बिल असतं, मजुरीचं नसतं. म्हणून हजेरी वही हाच पुरावा. आणि ही वही बहुतेक ठेकेदारांकडे असतेच, फक्त ती आपल्या आठवणीपुरती लिहिलेली असते, दुसऱ्याला वाचता येत नाही.

अण्णांच्या जुन्या वहीत एका मिस्त्रीच्या नावापुढे सहा रेघा, मध्ये एक अर्धी, आणि शेवटी नुसतं "3175 दिले" असं असायचं. मी त्यांना विचारलं, हे 3175 कशाचे? तर म्हणाले, शनिवारी हातात दिले ते. मग मी ते एक पान उलगडलं:

साडेपाच हजेरी, दर 850, म्हणजे मजुरी झाली 4,675. बुधवारी बाजाराला खर्ची दिली 500. आधीच्या उचलीतले कापले 1,000. हातात दिले 3,175.

खर्च किती? 4,675. हातात दिलेले 3,175 नव्हेत. खर्ची हा मजुरीचाच भाग आहे, फक्त तीन दिवस आधी दिलेला. आणि उचल कापली म्हणजे त्या हजाराचं काम आज झालं. अण्णा वर्षानुवर्षं शनिवारचा आकडाच खर्च समजत होते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. उचल देता तेव्हा तो खर्च नसतो. आमची बरीच माणसं पेठ-सुरगाण्याकडची आहेत. भात लावणीला गावी जातात, होळीला जातात, आणि जाताना उचल मागतात. होळीच्या आधी दहा हजार दिले तर ते त्याच्याकडे येणं झालं. तो परत येऊन जसजसं काम करेल आणि दर शनिवारी हजार-हजार कापले जातील, तसतशी ती रक्कम मजुरीत येईल. उचल देतानाही खर्च लिहिली आणि कापतानाही पूर्ण मजुरी लिहिली, तर एकच पैसा दोनदा धरला जातो. ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली होती. हिशेब जुळेना म्हणून रात्रभर बसले, तेव्हा सापडली. त्यामुळे उचलीसाठी वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाचं वेगळं खातं ठेवलंय. डावीकडे दिलेली, उजवीकडे कापलेली.

आता आमच्या वहीत एका आठवड्याला एक पान असतं. वर साइटचं नाव आणि तारखा. मग नाव, काम (मिस्त्री की बिगारी), सोमवार ते शनिवार हजेरी, दर, एकूण मजुरी, खर्ची, उचल वजा, हातात दिले, आणि शेवटी सही किंवा अंगठा. सही शनिवारीच घ्यायची. महिन्याभराने एकदम घेतलेल्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच दमात घेतलेल्या दिसतात, आणि तोवर दोघे गावी गेलेले असतात. अण्णा सुरुवातीला म्हणाले, माणसं बिचकतील. पहिल्या दोन शनिवारी बिचकलीही. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांची हजेरीही पक्की झाली, अर्ध्या दिवसावरून वाद उरला नाही. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला आधीच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देताना अण्णांना आता आठवत बसावं लागत नाही, वहीतून दिवस मोजून देता येतात. माझ्या दृष्टीने एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही वही लिहावी.

रोखीचा नियम इथेच सांगते. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर खऱ्या हिशेबाने रिटर्न भरताना तो खर्च धरता येत नाही, कलम 40ए(3). वरची रक्कमच नाही, सगळीच बाद होते. 14,000 रोख दिले तर 14,000 गेले. आठवड्याच्या मजुरीत ही वेळ येत नाही, पण गावी जाताना एकदम हिशेब केला की येते. तेव्हा यूपीआयने द्या. सहापैकी पाच जणांच्या खिशात मोबाईल आहेच. मालवाहतूक करणाऱ्या गाडीवाल्यासाठी हीच मर्यादा 35,000 आहे.

एक प्रश्न मला हमखास विचारतात. अण्णा स्वतः मिस्त्रीचं काम करतात, मग त्यांची रोजची हजेरी खर्चात धरायची का? नाही. मालकाची स्वतःची मजुरी म्हणजेच नफा. धाकटा भाऊ सुट्टीत खरोखर साइटवर येत असेल तर त्याची हजेरी लागते, पण इतर बिगाऱ्यांच्या दरानेच. घरचा म्हणून दुप्पट दर लावला तर वरचा भाग नाकारला जाऊ शकतो.

बाकीचे खर्च

नियम एकच आहे, तो पाठ करून ठेवा. खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झालेला हवा, घरगुती नको, आणि वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू घेतलेली नको. टिकणाऱ्या वस्तूचा हिशेब वेगळा.

परांचीचे बांबू आणि पाइप भाड्याने आणतो, 42,000. टेम्पो 31,500. थापी, रंधे, घमेली, ओळंबा, बादल्या, चाळण्या, ब्रश अशी हत्यारं 24,800. ही रक्कम ऐकून अण्णाच चकित झाले, कारण घमेलं दोनशे-तीनशेचं, कोण लिहितो? पण ती फुटतात, चोरीला जातात, आणि वर्षाचा आकडा एवढा होतो. मिक्सरची दुरुस्ती 6,600. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, बूट, औषधपाणी, टोळीचा अपघात विमा मिळून 9,400. साइटवरचा चहा 18,000. चहावाल्याकडे वही असते, महिन्याला तिच्यावर सही घेऊन फोटो काढते.

गाडीच्या पेट्रोलवर थांबूया, कारण इथे लोक एकतर सगळं धरतात किंवा काहीच धरत नाहीत. अण्णांची एकच मोटारसायकल. तीच साइटवर जाते, तीच आईला दवाखान्यात नेते. मी दोन आठवडे रोज रात्री मीटरचा आकडा लिहिला आणि कुठे कुठे गेले ते विचारलं. शंभर किलोमीटरमागे पंचाहत्तरच्या आसपास साइटचे निघाले. म्हणून 36,000 च्या पेट्रोलपैकी 27,000 धरले. मोबाईलचे 4,800 पैकी 3,200. हा वाटा का धरला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. उद्या कुणी विचारलं तर ते पान दाखवता येईल.

पंपाची पावती उन्हात महिन्याभरात पांढरी पडते. त्याच दिवशी फोटो काढा. मी अण्णांना एवढंच शिकवलंय: पावती मिळाली की फोटो काढून मला पाठवायचा. रविवारी मी ते उतरवून घेते.

टिकाऊ वस्तूंचं असं. नोव्हेंबर 2024 मध्ये 68,000 ला छोटा मिक्सर घेतला. तो त्या वर्षाच्या खर्चात 68,000 म्हणून जात नाही. यंत्रांवर वर्षाला 15 टक्के घसारा, म्हणजे वस्तू वापरून झिजते त्याची वजावट, मिळतो, आणि वस्तू त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्याच्या निम्मा. आमचा मिक्सर नोव्हेंबरपासून चालला, म्हणून साडेसात टक्के, 5,100. ऑक्टोबर लागायच्या आत घेतला असता तर 10,200 मिळाले असते. मिक्सरचे पैसे बँकेतूनच द्या. यंत्रासाठी एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर तेवढी रक्कम किमतीतच धरत नाहीत, मग तिच्यावर घसाराही नाही. जुन्या मोटारसायकलची शिल्लक किंमत 40,000, तिचा 15 टक्के घसारा 6,000, त्यातला पाऊण वाटा 4,500. मिक्सरच्या कर्जाचा हप्ता खर्च नव्हे, त्यातलं व्याज तेवढं खर्च, 2,400.

न चालणारे खर्चही सांगते. अण्णांचे नेहमीचे कपडे, घरचा किराणा, पोलिसांनी केलेला दंड, महापालिकेचा दंड, आयकर. एलआयसीचा हप्ता धंद्याचा खर्च नाही. त्याची वजावट जुन्या करपद्धतीत वेगळी मिळते, आणि धंदेवाल्याला जुन्या पद्धतीत जायचं तर आधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. धंद्याचे खर्च मात्र दोन्ही पद्धतीत धरता येतात. आणि कुणी कोरी बिलं विकत देतो म्हणाला तर त्याच्या दारातही उभे राहू नका. पकडलं गेलं की वर्षभर खरी लिहिलेली वहीही खोटी ठरते.

बिल्डर काही वेळा बिलातून काम खराब झाल्याचे पैसे कापतो. त्याचा कागद मागून घ्या, कारण 26एएसमध्ये पूर्ण बिल दिसू शकतं आणि तुमच्या खात्यात कमी आलेले असतात. तो फरक दाखवायला दुसरं काही नसतं.

तर मजुरी 11,46,000 आणि वरचं सगळं मिळून आमचा खर्च झाला 13,20,500. जमेतून वजा केल्यावर राहिले 4,89,500. ही अण्णांची खरी कमाई. हा आकडा मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, परत एकदा वाच.

मग रिटर्नमध्ये यातलं काय जातं?

इथे दोन रस्ते आहेत. पहिला कलम 44एडीचा, फॉर्म आयटीआर-4, ज्याला सुगम म्हणतात. वर्षाची जमा 2 कोटींपर्यंत असेल (रोख 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत) तर बँकेतून आलेल्या जमेच्या किमान 6 टक्के आणि रोख जमेच्या किमान 8 टक्के उत्पन्न दाखवायचं. सगळे खर्च त्यात आले असं धरलं जातं, घसारासुद्धा. वेगळा खर्च मागता येत नाही. हे कलम 1994 मध्ये आणलं तेच मुळी बांधकाम करणाऱ्या आणि बांधकामाला मजूर पुरवणाऱ्या लहान ठेकेदारांसाठी, तेव्हा मर्यादा 40 लाखांची होती. बाकीच्या धंद्यांना ते 2010-11 पासून मिळालं. म्हणजे ही सोय आपल्या कामाचं रूप बघूनच केलेली आहे, ती वापरायला संकोच नको.

पण "किमान" हा शब्द तो पाचशेवाला विसरायचा. आमचे 6 आणि 8 टक्के काढले तर 1,01,400 अधिक 9,600, म्हणजे 1,11,000 होतात. खरी कमाई 4,89,500. कायद्यात म्हटलंय, एवढे टक्के किंवा त्याहून जास्त कमावलं असेल तर ते जास्त. आम्ही 4,89,500 दाखवले. कर किती लागला? शून्य. 2024-25 ला नव्या पद्धतीत 7 लाखांपर्यंत सूट होती, 2025-26 पासून ती 12 लाखांपर्यंत गेली. खरं दाखवून एक पैसा कर लागला नाही, 15,000 चा टीडीएस पूर्ण परत मिळणार, आणि बँकेसमोर ठेवायला खरा कागद तयार. मग कमी का दाखवायचं?

दुसरा रस्ता आयटीआर-3 चा, म्हणजे खऱ्या जमाखर्चाचा. कमाई 6-8 टक्क्यांपेक्षाही कमी असेल किंवा तोटा असेल तर तो लागतो. आमच्या ओळखीचे सेंटरिंगवाले काका आहेत, त्यांची जमा पाऊण कोटीच्या वर जाते, कर्जाचं व्याज मोठं, यंत्रांचा घसारा मोठा. त्यांचे सीए आयटीआर-3 भरतात आणि त्यांना तेच योग्य आहे. तिथे वर सांगितलेला प्रत्येक खर्च आपापल्या ओळीत जातो.

मात्र 44एडीमधून बाहेर पडताना थांबून विचार करा. एकदा 44एडीने रिटर्न भरलं आणि पुढच्या पाच वर्षांत कधी ते सोडून कमी उत्पन्न दाखवलं, तर त्यानंतर पाच वर्षं 44एडी बंद. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की हिशेबाच्या पक्क्या वह्या आणि ऑडिट लागतं.

2023-24 ला आमच्यावर ही वेळ आली होती. एका इमारतीचं आतलं प्लास्टर इंजिनीअरने ठोकून बघितलं, दोन मजले पोकळ वाजले. क्युरिंगला, म्हणजे प्लास्टर ओलं ठेवायला, पाण्याचा टँकर वेळेवर येत नव्हता हे अण्णा रोज सांगत होते, पण लेखी काही नव्हतं. सगळं फोडून परत करावं लागलं. मजुरी दोनदा गेली, बिल एकदाच मिळालं. वर्षाची जमा 11,80,000 आणि वहीप्रमाणे 38,000 चा तोटा. तोटा मुदतीत रिटर्न भरून दाखवला तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, म्हणून माझा हात आधी आयटीआर-3 कडेच गेला. मग कागदावर मांडलं. 38,000 च्या तोट्याने पुढे कराचे फार तर दोनेक हजार वाचणार, आणि त्यापायी पाच वर्षं ऑडिटची फी. आम्ही सुगमच भरला, 6 टक्क्यांनी 70,800 दाखवले, कर तसाही शून्य होता. तोटा मोठा असेल, पाच-सात लाखांचा, तर गणित उलटं होईल. ते सीएकडे बसून करा. त्या फीला मागे पुढे बघू नका.

भरताना

सुगममध्ये बांधकामाच्या कामाचा कोड निवडावा लागतो, ते 06 ने सुरू होतात. यादी वाचून आपलं काम कुठे बसतं ते बघा. जमा बँकेची वेगळी, रोखीची वेगळी लिहायची. मग खाली 31 मार्चला लोकांकडून येणं किती, देणं किती, हातात रोख किती हे विचारतात. तिथे पाचशेवाले शून्य टाकतात. बिल्डरने अडकवलेलं डिपॉझिट, माणसांकडची उचल, हे सगळं येणंच आहे. आमच्या मागच्या पानांवर ते तयार असतं, दहा मिनिटांत उतरतं. टीडीएस 26एएसशी ताडून बघा. बँक खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्या, नाहीतर परतावा अडकतो. भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो नंबर चालू आहे ना हे आधीच बघा. अण्णांचा जुना नंबर बंद पडला होता आणि ओटीपी कुठे जातोय हेच आम्हाला दोन दिवस कळत नव्हतं.

आम्ही 2024-25 चं रिटर्न जुलैत भरलं. ऑगस्टमध्ये अण्णांच्या खात्यात 15,375 जमा झाले. 15,000 टीडीएसचे आणि 375 व्याज, महिन्याला अर्धा टक्का. ते 375 पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये व्याजाचं उत्पन्न म्हणून दाखवायचे असतात, म्हणून नव्या वहीच्या पहिल्या पानावर, मोटारसायकलच्या वाट्याच्या खाली, ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले.